पेन करायला एबोनाइट, अ‍ॅक्रिलिक की लाकूड?

शाईचा_डाग
नमस्कार मंडळी. उद्यमनगरात मामाचं लेथचं वर्कशॉप आहे, रविवारी मशीन रिकामं असतं म्हणून स्वतःचं फाउंटन पेन करायचं डोक्यात घेतलंय. पितळ-अ‍ॅल्युमिनियम नको, मामाच म्हणतो आठवडाभर तेच कापतोय, रविवारी तरी दुसरं काय तरी आण. घरी जुन्या पलंगाचे शिसवी पाय पडलेत ते चालतील का? कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी आतली सुटी नळी) नको, शाई थेट पेनात भरायची आहे.

खर्डेघाशा
भावा, नुसत्या लाकडाचा नाद आत्ता सोड. मी सागवानी केलं होतं, आतनं सुपरग्लू फिरवला, म्हटलं झालं काम. आषाढात लाकूड फुगलं आणि टोपण असं बसलं की पक्कडीनं पिळलं तर आटे टोपणातच राहिले, आतनं सगळं निळं झालेलं ते वेगळंच. शिसव वापरायचीच तर नुसती बाहेरनं घाल, शाई लागते तिथं आणि बोटाखाली एबोनाइटच पाहिजे.

लेथवर_रविवार
वरच्यांशी सहमत. एबोनाइट म्हणजे रबरच, पण टायरच्या रबरात गंधक दोन-तीन टक्के असतो आणि ह्यात तीसच्या आसपास, तापवलं की दगडागत होतं. टूलला धार असली की काळी रिबन निघत राहते, बघत बसावं वाटतं. आटे लई स्वच्छ पडतात. वास मात्र गंधकाचा, घरात करू नको, आणि घासताना तोंडाला मास्क.

अ‍ॅक्रिलिकचे रंग झकास, पण ड्रिल तापलं की आत वितळून चिकटतं आणि पलीकडं बाहेर पडताना टवका उडतो. थोडं आत, परत बाहेर, भुसा काढ, परत आत. पहिल्याच पेनाला एवढा धीर कुठला? थेट शाई भरणार तर अजून एक, हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि निबातनं थेंब पडतो, शाई संपत आली की जास्तच. एबोनाइट उष्णता लवकर आत सोडत नाही, भिंत जरा जाड ठेवलीस की त्रास कमी. राजमहेंद्रीचे रत्नमवाले एबोनाइटचीच पेनं करत आलेत, उगाच नाही.

शाईचा_डाग
मग एबोनाइट फायनल. सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्लॅस्टिकचा, एक जुना रॉड मिळतोय, तो घेऊ का?

लेथवर_रविवार
नको रे बाबा. कापताना कापराचा वास येतो आणि भुसा ठिणगीनं भस्सकन पेटतो. मामाच्या वर्कशॉपात ग्राइंडर असेलच की शेजारी.

शाईचा_डाग
बरं. क्लिप हुपरीत चांदीची करून घेतो.

खर्डेघाशा
काळी पडंल. एबोनाइटमधला गंधक चांदीला सोडत नाही, स्टीलची घाल. आणि पेन उन्हात ठेवू नको, धुवायला कोमट पाण्यात भिजत तर अजिबात नको, काळ्याचं शेवाळी तपकिरी होतं.

शाईचा_डाग
मग क्लिपच नको. पण टेबलावरनं घरंगळलं तर?

खर्डेघाशा
टोपण एका बाजूनं पॉलिश पेपरवर घासून सपाट कर. घासायच्या आधी आतलं भोक किती मोठं आहे ते मोज तेवढं. मी मोजलं नव्हतं, माझ्या टोपणाला खिडकी हाय.