नरनाळ्याच्या पिक्चरचा आवाज बदलावा का?

सातपुड्याची_लेक

नमस्कार मंडळी. यंदा गणपतीत आमच्या गावात एक जुना पिक्चर पुन्हा लावायचं चाललंय. त्यावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून इथं विचारते.

पिक्चर आमच्या गावातच बनलेला आहे. अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. नव्वदच्या दशकात शाळेतले ड्रॉइंगचे सर आणि लग्नाच्या शूटिंगा घेणारे एक काका, या दोघांनी खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्यावर तो काढला. चार लेकरं, एक फाटका नकाशा, नरनाळा किल्ल्यावर पुरलेलं धन आणि मागावर असलेले दोन चोर, अशी गोष्ट. एक चोर गावचे शिंपीकाका, दुसरे चक्कीवाले. टॉकीजला तो कधी लागला नाही. गणपतीत मंडळानं भाड्यानं टीव्ही-व्हीसीआर आणला की आधी हा लागायचा, मग बाकीचे. नावाची पाटी सुरुवातीला होती, पण सगळे त्याला नरनाळ्याचा पिक्चरच म्हणत.

परवा सरांच्या घरून कॅसेट मिळाली. अकोल्याहून ती कॉम्प्युटरवर उतरवून आणली आणि बाबांना शेजारी बसवून सबंध पाहिली. लहानपणी मी फक्त लेकरांकडे पाहत होते. या वेळी लेकरांच्या मागे काय आहे तेच दिसत राहिलं.

पहिला पाठलाग ज्वारीच्या वावरातला आहे. ताटं माणसाच्या डोक्यावर. लेकरं आत शिरली की दिसेनाशी होतात, नुसती कणसं हलतात, आणि चोर धुऱ्यावर उभे राहून कोणतं कणीस हललं ते बघतात. आज आमच्या शिवारात हा सीन घेताच येणार नाही. सोयाबीन गुडघ्याएवढं, त्यात कोण लपणार? बाबा म्हणाले, हे आपलंच वावर, आणि कॅमेरा आपल्याच बंडीवर होता. बैल सोडून, खाली कुटाराची पोती घालून, चार जणांनी जू धरून बंडी ओढली होती, कारण बैल चालले की हिसके बसतात. तरी चित्र हलतंच. मला ते हलणं आवडलं.

दुसरं म्हणजे पेवाचा सीन. भुयार म्हणून जे दाखवलंय ते पडक्या वाड्यातलं धान्याचं पेव, म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खड्डा, आहे. उतरण्याआधी त्यातली मोठी मुलगी दोरीला कंदील बांधून खाली सोडते आणि सगळे चूपचाप बघत राहतात. वात जळत राहते, मग एकेक जण उतरतो. लहानपणी मला वाटायचं, खाली साप आहे का ते बघताहेत. आता कळलं की पेवात कोंडलेली हवा असते, दिवा विझला तर माणूस उतरत नाही. बाबांनी सांगितलं, सरांनी आदल्या दिवसापासून पेव उघडं ठेवलं होतं, स्वतः उतरून आले होते, आणि तरीही म्हणाले की कंदील कॅमेऱ्यासमोर सोडायचा, बघणाऱ्या लेकरांना कळू द्या. दुसऱ्याच्या पोरांची एवढी काळजी घेऊन कोणी गोष्ट सांगतं, याचं मला फार मोल वाटतं.

तिसरा, रात्रीचा सीन. यासाठीच सगळा धागा काढला. किल्ल्यावर रात्र होते आणि लेकरं महाकाली दरवाजाच्या आडोशाला दबून बसतात. मोठेपणी पाहिलं तर ती रात्र नाहीच! निळं चित्र आहे, पण दगडांच्या सावल्या भर उन्हासारख्या काळ्या-धारदार पडल्यात. भाच्यानं लगेच बोट दाखवलं. मलाही दिसलं. तरी पोटात गोळा आलाच, अगदी तेव्हासारखा. का आला ते मागे नेऊन परत ऐकलं तेव्हा समजलं. आवाज रात्रीचाच आहे. सर टेपरेकॉर्डर घेऊन जागलीला, म्हणजे रात्री पिकाची राखण करायला, गेले होते आणि मचाणावरून ऐकू येतं ते सगळं भरून आणलं होतं. रातवा पक्ष्याची टकटक, लांब कुठंतरी कुत्रं, मध्येच एकदम काहीच नाही, आणि मग कोणीतरी डबडं वाजवून डुकरं हाकलतं. चित्र दुपारचं आणि कान रात्रीत. भीती कानातून येते.

भाचा पुण्यात व्हिडिओचंच काम करतो, मनापासून मदत करतोय. त्याचं म्हणणं: वीस मिनिटांचा करू, रंग सुधारू, हलणं काढू, आणि आवाज पूर्ण नवा करू, कारण अर्धे संवाद कळत नाहीत आणि मागे सतत घूंऽऽ वाजतं. माझं म्हणणं, घूं काढ, पण रात्र ठेव. हे जमतं का? आणि आजची लेकरं दीड तास बसतील का? ज्यांनी अशा जुन्या कॅसेटी हाताळल्यात त्यांनी सांगा.

जुनी_कॅसेट

ताई, परतवाड्यात बरीच वर्षं लग्नाच्या शूटिंगा घेतल्यात, म्हणून लिहितो.

घूं म्हणजे विजेची गुणगुण, ५० हर्ट्झची. तिच्या पट्टीतल्या जागा, म्हणजे ५०, १००, १५०, तेवढ्या अरुंद कापायच्या. रातव्याला धक्का लागत नाही. मात्र 'नॉइज रिमूव्ह'चं एक बटण दाबून मोकळं होऊ नका. त्या बटणाला रातकिडा आणि खरखर सारखीच वाटते, दोन्ही पुसून टाकतं.

संवाद दबलेले का, तेही ऐका. साध्या व्हीएचएसमध्ये आवाज टेपच्या काठावरच्या बारीक पट्टीत असतो आणि टेप सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. गाण्याची कॅसेट ४.७६ सरकायची. म्हणजे निम्मा वेग, त्यामुळे स, श, च ही अक्षरं मुळातच बोथट भरली जातात. त्यात माइक कॅमेऱ्यावरच. जे भरलंच गेलं नाही ते आता काढता येणार नाही. संवाद खाली लिहून द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात.

रंगाचं फार सांभाळा. उन्हात रात्र काढायची आमची युक्ती अशी होती की कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग कोणत्या उजेडाला जुळवायचे ती सेटिंग, घरातल्या बल्बवर ठेवायचं आणि आयरिस, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, बंद करत आणायचं. चित्र निळं आणि काळपट यायचं. भाच्यानं आपोआप रंग सुधारणारं काही लावलं तर कॉम्प्युटर त्या निळ्याला चूक समजून दुरुस्त करेल आणि तुमच्या महाकाली दरवाजावर लख्ख दुपार होईल. तो सीन हातानंच करायला सांगा.

खाली फाटक्या काठासारखी पट्टी दिसत असेल, ती खराबी नाही. व्हीसीआरचं एक हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, थांबून दुसरं सुरू होतं ती जागा आहे. जुन्या टीव्हीच्या चौकटीत ती लपायची. तेवढी झाकली की झालं.

आणि मुख्य म्हणजे सरांच्या घरी आणखी कॅसेटी आहेत का बघा. तेव्हा एडिटिंग दोन व्हीसीआर जोडून करायचे, म्हणजे तुमच्याकडची कॅसेट ही नकलेची नकल असणार. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट सापडली तर चित्र नक्की उजळेल. टेपच्या काठावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, आधी साफ करून घ्या.

मीटरगेजवाला

मी भाच्याच्या बाजूनं बोलतो. गावातल्या ज्यांनी तो पिक्चर लहानपणी पाहिला त्यांना हलणारी बंडीही गोड लागेल. पण तो लेकरांसाठी बनला होता ना? मग लेकरांचा विचार करा. वीस मिनिटं फार कमी होतील हे मान्य, पण एक तासाच्या आत आणा. चालण्याचे, डोंगर चढण्याचे लांबलचक सीन असतीलच, ते कापा. मूळ कॅसेट जशी आहे तशी जपून ठेवा, दाखवायची वेगळी करा. यात सरांचा कोणताही अपमान नाही.

एक विचारायचं होतं. त्यात अकोट स्टेशन किंवा गाडी दिसते का? अकोला-खंडवा मीटरगेज २०१७ मध्ये बंद झाली. नंतर २०२२ मध्ये अकोटपर्यंत मोठ्या लाईनीवर गाडी सुरू झाली, पण ती छोटी गाडी गेली ती गेली. धूळघाटाचा वळसा घेऊन मेळघाटातून जाणारी ती गाडी माझ्या आजोबांची नोकरी होती. दोन सेकंद जरी दिसत असेल तरी सांगा.

निवृत्त_मास्तर

लांबीचा प्रश्न जुना आहे. ब्रिटनमध्ये १९५१ साली चिल्ड्रन्स फिल्म फाउंडेशन निघालं. तिकिटावरच्या एका वर्गणीतून त्याला पैसा मिळायचा आणि शनिवारी सकाळी थिएटरात जमणाऱ्या पोरांसाठी थोडक्या खर्चात साहसाचे चित्रपट निघायचे. साधारण तासाभराचे. पोरंच नायक, मोठी माणसं चोर नाहीतर पोलीस, आणि शूटिंग खऱ्या गल्ल्यांत, खऱ्या बंदरांवर. सेट परवडत नसे म्हणून जागा खऱ्या, आणि त्यामुळेच आज त्यांत तेव्हाची गावं दिसतात. तुमच्या ज्वारीचं तेच झालंय. आपल्याकडे १९५५ मध्ये बाल चित्रपट समिती स्थापन झाली. आमच्या शाळेत १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर यायचा तेव्हा तिचेच चित्रपट असायचे. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार करायचो. २०२२ मध्ये ती समिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. सरकारी पैशांचे ते चित्रपट कुठं ना कुठं नोंदलेले आहेत. तुमच्या सरांच्या पिक्चरची नोंद कुठंच नाही, म्हणून मूळ प्रत न कापता जपा, एवढं माझं आग्रहाचं सांगणं.

पेवाबद्दल एक. ती कोंडलेली हवा म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. कंदील विझला तर उतरायचं नाही हे बरोबर, पण कंदील जळतोय म्हणजे धोका नाहीच असं मात्र नसतं. पिक्चर झाल्यावर लेकरांना हे दोन वाक्यांत जरूर सांगा, नाहीतर कोणी गावातल्या जुन्या विहिरीत कंदील सोडायला जाईल.

आणि महाकाली दरवाजा सिनेमात आहे तर त्याच्याबद्दलही सांगा. १४८७ सालचा, वऱ्हाडच्या इमादशाही घराण्याच्या संस्थापकाच्या काळातला. कमळं आणि फारसी लेख दोन्ही एकाच दगडकामात. पोरांना वर न्यायचं झालं तर शहानूरच्या वनखात्याच्या नाक्यावरून, दिवसा. आता तो सगळा भाग अभयारण्याचा आहे.

धुऱ्यावरून

ताई, म्या हा पिच्चर तुमच्या गावात येऊन पायला होता. आमचं गाव नदीपल्याड. रातच्या सीनले आमच्या आबानं मले मांडीवर घेतलं, अन् डबडं वाजलं तवा तेच दचकले. म्हने कोनाच्या वावरात डुकरं घुसले? उठून जाऊ लागले होते. आवाज बदलू नका. बाकी काय कापाचं ते कापा.

सातपुड्याची_लेक

सगळ्यांचे आभार. भाच्याला हा धागा दाखवला. बल्बवाली युक्ती वाचून तो स्वतःच म्हणाला की रात्रीच्या सीनला आपोआप काही लावणार नाही. घूं काढून एक तुकडा त्यानं ऐकवला, रातवा जागेवर आहे.

लांबीचं मीटरगेजवाल्या दादांचं अर्धं पटलं. किल्ला चढण्याचा सीन खरंच फार लांब आहे, तो कमी करू. पण कंदिलाचा सीन मी एक सेकंदही कापू देणार नाही. भाचा म्हणतो तिथं काहीच घडत नाही. लेकरं वाट बघतात, ते घडतं. वाट बघता येणं हेसुद्धा लेकरांना दाखवायचं असतं. मध्ये सुट्टी ठेवू, चिवडा वाटू, म्हणजे बसतील.

दादा, गाडी आहे. चोर पळून जायला स्टेशनवर येतात तेव्हा मागून जाते. चक्कीवाले काका कॅमेऱ्याच्या आड येतात, पण इंजिन आणि पुढचे दोन डबे चांगले दिसतात. तेवढा तुकडा तुम्हाला व्यक्तिगत संदेशात पाठवते.

मास्तर, पेवाचं मीच बोलेन, माईकवर. शिंपीकाका अजून आहेत, त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची ठेवणार आहोत.

सरांच्या घरी पुन्हा गेले होते. माळ्यावरच्या पेटीत आणखी कॅसेटी निघाल्या, लेबलवर सरांच्या अक्षरात 'किल्ला, दुसरा दिवस' वगैरे लिहिलंय. त्यातल्या दोन कॅसेटींच्या टेपच्या काठावर पांढरं दिसतंय. जुनी_कॅसेट दादा, त्या व्हीसीआरमध्ये घातल्या नाहीत. साफ तुम्हीच करून द्याल का? परतवाड्याला मी स्वतः घेऊन येते, कोणत्या वारी येऊ ते कळवा.