जीव टांगणीला लागतो तेव्हा त्यात रहस्य कुठे असतं?

'सस्पेन्स'ला मराठीत सर्रास 'रहस्य' म्हटलं जातं. चित्रपटांवर लिहिताना मीही वर्षानुवर्षं 'रहस्यपट' हाच शब्द वापरत आलो. गेल्या आठवड्यात एका लेखाचा खर्डा करताना मात्र हात तिथेच अडला. अजून समाधान झालेलं नाही, म्हणून हा विषय मांडतोय.

रहस्य म्हणजे आपल्यापासून लपवलेलं काहीतरी. मुळात 'रहस्' म्हणजे एकांत. खून कुणी केला हे शेवटपर्यंत कळत नाही, तिथे रहस्य. सस्पेन्समध्ये उलट प्रेक्षकाला बहुतेक सगळं आधीच ठाऊक असतं. दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत याचं उदाहरण आहे. टेबलाखाली बाँब आहे, पण ते तिथे बसलेल्यांना ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. अचानक स्फोट होतो. हा झाला पंधरा सेकंदांचा धक्का. तोच बाँब ठेवताना आपण पाहिला असेल, घड्याळ समोर दिसत असेल आणि ती माणसं निवांत गप्पा छाटत बसली असतील, तर पुढची पंधरा मिनिटं आपला जीव टांगणीला लागतो. यात लपलेलं काय आहे? काहीच नाही.

आता 'टांगणी'कडेच बघा. 'सस्पेन्स' ज्या लॅटिन क्रियापदातून आला त्याचा अर्थच मुळी 'टांगणे'. म्हणजे कोशात ज्याला प्रतिशब्द धुंडाळत होतो, तो आपल्या रोजच्या वाक्प्रचारात आयता होता. खुनी कोण हे शोधायचं असेल तिथे रहस्यपट खुशाल म्हणावं. पण जिथे सगळं दिसतंय आणि तरी श्वास कोंडतो, तिथे 'टांगणी' हाच शब्द हवा. 'टांगणीपट' मात्र कानाला जरा खटकतं. देशी शब्दाला संस्कृत 'पट' जोडल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद

'बोलपट' नाही का खटकत? 'बोल' रोजच्या बोलण्यातला, 'पट' संस्कृत. 1932 साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला, तेव्हाच्या प्रेक्षकांनाही तो जोड नवाच असणार. आज कुणाला शिवण दिसते? वापरा बिनधास्त. आणि मग 'हॉरर'चं काय? 'भयपट' चालेल ना?

प्रतिसाद

'बोलपटा'चा मुद्दा बिनतोड आहे, मान्य.

'भयपट' रुळलाय, तो बदलावा असं मी म्हणणार नाही. पण 'भय' म्हणजे नुसतं भावनेचं नाव. 'हॉरर' हा शब्द शरीरातून आलाय. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ केस ताठ उभे राहणे. संस्कृतातला 'हृष्' धातू त्याच घराण्यातला. त्याच 'हृष्'पासून हर्ष, आणि त्यापासून रोमहर्ष. म्हणजे 'हॉरर' आणि 'हर्ष' हे एका आजोबांचे नातू. हे कळलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. भीतीने आणि आनंदाने अंगावर येणारा काटा एकच असतो, हे भाषेला आपल्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

पुराणं सांगणाऱ्या सूताचं नावच लोमहर्षण. त्याचं कथन ऐकताना श्रोत्यांच्या अंगावर रोमांच उभे राहत, म्हणून ते नाव पडलं असं पुराणंच सांगतात. त्याचा मुलगा उग्रश्रवा नैमिषारण्यात ऋषींना महाभारत सांगतो. लिहिणाऱ्या माणसाला याहून मोठी पदवी कोणती मिळायची!

एकदा रात्रीच्या शेवटच्या खेळाला माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. पडद्यावर नुसतं एक बंद दार होतं. ना संगीत, ना किंचाळी. आजींनी हळूच चपला काढल्या आणि दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले, जणू खुर्चीखाली काहीतरी आहे. माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. पडद्याच्या निळ्या उजेडात मनगटापासून कोपरापर्यंत एकेक केस उभा होता. त्या दृश्याला 'भयावह' म्हणणं मला तोकडं वाटतं. ते रोमहर्षक होतं. पण हा शब्द आपण क्रीडावार्तांना देऊन टाकला, 'रोमहर्षक विजय' असा. तो परत मागून घ्यायला हवा.

प्रतिसाद

आणि 'जॉनर'? 'चित्रपटप्रकार' फार सरकारी वाटतं.

प्रतिसाद

मी 'जातकुळी' लिहितो. 'जॉनर' फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, आणि त्याचं मूळ आपल्या 'जन्' धातूशी, म्हणजे 'जात' शब्दाशी सख्खं आहे. शिवाय 'या चित्रपटाची जातकुळी वेगळी आहे' असं आपण सहज बोलतोच. कुणाला त्यातली 'जात' बोचत असेल तर 'बाज' किंवा 'धाटणी' घ्या. 'साचा' मात्र नको, त्याचं 'साचेबद्ध' व्हायला वेळ लागत नाही.

प्रतिसाद

'रोड मूव्ही'ला एका परीक्षणात 'प्रवासपट' वाचलं. पटलं नाही. प्रवास म्हणजे प्रवासवर्णनासारखं काहीतरी वाटतं.

प्रतिसाद

मला तो फार पटतो, आणि कारण त्या शब्दाच्या आतच आहे. 'प्रवास' हा 'वस्' धातूचा. निवास, आवास, उपवास ही त्याचीच भावंडं. प्रवास म्हणजे मुळात घरापासून दूर राहणे. 'यात्रे'त जाणं आहे, 'प्रवासा'त राहणं आहे. चांगला रोड मूव्ही आठवून बघा. पोचायचं ठिकाण कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतात रस्त्यालगतच्या परक्या खोल्या, पहाटेचा थांबा, गाडीच्या काचेवर कुणीतरी टेकवलेलं कपाळ.

मीही बरंच लिखाण घरापासून दूर करतो, तेही गाडी चालू असताना नाही, मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी. पहिला दिवस पिशवी उघडण्यात आणि खिडकी कुठल्या बाजूला आहे ते कळण्यात जातो. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत आपण राहायला लागतो, आणि तेव्हा वाक्य सुचतं. हेच मी इतकी वर्षं 'प्रवासात लिहितो' असं सांगत आलो, आणि शब्द नेमका होता हे आता कळतंय.

जाता जाता आणखी एक. फ्रेंचांनी अंधाऱ्या गुन्हेपटांना 'न्वार' म्हटलं, म्हणजे काळा. आपला 'मसुदा' ज्या अरबी शब्दावरून आला, त्याचा अर्थही 'काळा केलेला'. आपणही 'कागद काळे केले' म्हणतोच की. माझ्या त्या लेखाचा मसुदा आता खरोखर तसाच दिसतोय. तिसऱ्या ओळीतला 'रहस्यपट' खोडला, वर 'थरारपट' लिहिलं, तेही खोडलं, कारण थरार हा क्षणाचा असतो आणि मला लांबत जाणारी ती पंधरा मिनिटं सांगायची होती. शेवटी समासात जागा करून लिहिलं: 'हा टांगणीपट आहे. यात खुनी पहिल्याच दृश्यात समोर येतो.'

संपादकांकडे तो तसाच पाठवला आहे.