मदत हवी आहे: सावंतवाडी आणि एडिसनमधले दोन नंदीबैल थरथरायला लागले की थांबतच नाहीत

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे दोन लाकडी नंदीबैल आहेत. एक सावंतवाडीला आईच्या पलंगाजवळच्या तिपाईवर, दुसरा इथे न्यू जर्सीत एडिसनला लेकीच्या टेबलावर. एकाची मान हाताने खाली दाबली की सातासमुद्रापलीकडच्या दुसऱ्याने मान डोलवायची, आणि एकाची मान आडवी हलवली की दुसऱ्यानेही आडवी हलवायची. म्हणजे हो आणि नाही. बहुतेक वेळा हे जमतं. पण दिवसातून तीन-चारदा दोन्ही नंदी आपोआप थरथरू लागतात आणि प्लग काढेपर्यंत थांबत नाहीत. परवा असं झालं तेव्हा आई घाबरली आणि दोन दिवस नंदीला हातच लावला नाही. म्हणून हा धागा.

थोडं मागचं सांगते. गेल्या वर्षी आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आपण बोललेलं तिला बरंचसं कळतं, पण तोंडून शब्द येत नाही. व्हिडिओ कॉल लावला की माझी सहा वर्षांची मुलगी एकटीच बडबडत राहते, आई उत्तर द्यायला धडपडते, शब्द सापडत नाही, डोळे भरून येतात आणि वहिनी फोन बाजूला घेते. फोन समोर आला की बोलणं भागच पडतं, आणि नेमकं तेच तिला जमत नाही. डावा हात मात्र चांगला चालतो.

आमच्या लहानपणी दारात नंदीबैलवाला यायचा. गुबुगुबु वाजवत प्रश्न विचारायचा आणि नंदी मान हलवायचा. आई सूपभर तांदूळ घालायची आणि हटकून विचारायची, यंदा पाऊस वेळेवर येईल ना? त्यावरूनच हे सुचलं. चितारआळीतल्या एका कारागिराने दोन नंदी करून दिले. डोकं वेगळं, पोकळ मान, अंगावर रंगीत झूल रंगवलेली. पोटात ईएसपी-३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा संगणकच), मानेत एसजी-९० जातीच्या दोन छोट्या सर्वो मोटरी (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या), एक उभी हालचाल करते, एक आडवी. मान किती वळली ते कळावं म्हणून प्रत्येक सर्वो उघडून आतल्या पोटेन्शियोमीटरच्या (कोनाप्रमाणे व्होल्टेज बदलणाऱ्या भागाच्या) मधल्या टोकाला चौथी वायर जोडली आणि ती बोर्डाला दिली. निरोप एमक्यूटीटीने जातात, म्हणजे यंत्रांनी एका सर्व्हरमार्फत एकमेकांना छोटे निरोप धाडायची पद्धत. सध्या एक सार्वजनिक, फुकट चाचणी सर्व्हर वापरतेय. दर सेकंदाला २० वेळा मानेचा कोन पाठवते, आणि समोरून कोन आला की सर्वो तिथे नेते. मी मेकॅनिकलची, इलेक्ट्रॉनिक्स वाचून-बघून शिकले आहे.

आता अडचणी. मुख्य म्हणजे ही थरथर. दुसरी, आडव्या मानेचं वाचन सावंतवाडीला नीट येत नाही, बहुतेक वेळा शून्यच दिसतं. तिसरी, दोन्ही मोटरी एकदम हलल्या की कधी कधी बोर्ड बंद होऊन पुन्हा चालू होतो. आणि चौथी, वेळेची. लेक शाळेतून चारला येते आणि पहिली नंदीकडे धावते, तेव्हा तिकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. काळोखात नंदी खडखडतो. तिला नको म्हणायला जीव होत नाही.

कुणी असं काही केलं असेल तर कृपया सांगा. सगळं पुन्हा पहिल्यापासून करायची तयारी आहे.

---

खटपट्या:

ताई, थरथर मोटरीच्या दोषाने नाही, तुमच्या रचनेमुळे आहे. सभागृहात माईक स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजते ना, तेच इथे होतंय. लेकीने मान दाबली, कोन सावंतवाडीला गेला, तिथल्या सर्वोने मान वळवली. पण तिथला बोर्ड आपल्या मानेचं वाचन घेतोच आहे. ही मान आईने हलवली की मोटरीने, हे त्याला कळायला मार्ग नाही. तो ते वाचन परत एडिसनला पाठवतो. तोवर एडिसनची मान पुढे गेलेली असते, म्हणून ती मागे ओढली जाते, आणि ते मागे येणं पुन्हा सावंतवाडीला जातं. असं चक्र.

दोन्ही नंदी एकाच खोलीत ठेवून बघितलेत का? तिथे बहुधा थरथर दिसणार नाही, कारण उशीर नगण्य असतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. कोकण ते अमेरिकेचा पूर्व किनारा हे अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे सरळ रेषेतही जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद, आणि केबल सरळ जात नाहीत. प्रत्यक्षात दोनशे-अडीचशे धरा.

हा प्रश्न जुना आहे. १९६५ साली एमआयटीत फेरेल यांनी माणसांना उशिराने हलणारा यांत्रिक हात चालवायला दिला, तेव्हा माणसं आपसूकच थोडं हलवायची, थांबायची, काय झालं ते बघायची, मग पुन्हा हलवायची. दोन्ही बाजूंनी एकमेकांचा जोर जाणवून द्यायचा असेल तर त्याचं गणित अवघड आहे, १९८९ नंतर त्यावर चांगले उपाय निघाले. पण तुम्हाला जोर पाठवायचाच नाहीये. तुम्हाला संभाषण हवंय. मग एका वेळी एकानेच बोलावं!

असं करा. ज्याने मान हलवली त्याच्याकडे पाळी. पाळी असलेला नंदी फक्त पाठवेल, दुसरा फक्त ऐकेल आणि स्वतःचं वाचन पाठवणारच नाही. शेवटचा निरोप आल्यावर ४०० मिलिसेकंद काही आलं नाही की ऐकणारा सर्वोला पल्स (कोन सांगणारे विजेचे ठोके) देणं बंद करेल. एसजी-९० हा अॅनालॉग सर्वो आहे, पल्स थांबले की तो ढिला पडतो आणि हाताने वळतो. ढिल्या अवस्थेत मान चार अंशांपेक्षा जास्त वळली तर तो नक्की माणसाचा हात, मग पाळी त्याची. दोघांनी एकदम हलवलं तर? आईचा नंदी जिंकेल असं कोडमध्येच लिहून टाका.

---

डागकाम:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी बाकीच्या दोन अडचणींबद्दल लिहितो.

आडवं वाचन कोणत्या पिनवर घेताय? ईएसपी-३२ मध्ये एडीसीचे, म्हणजे व्होल्टेज मोजून आकड्यात देणाऱ्या भागाचे, दोन गट आहेत. वाय-फाय चालू असताना दुसरा गट वापरता येत नाही. २५, २६, २७ वगैरे पिना त्यात येतात. ३२ ते ३९ या पिना पहिल्या गटाच्या, दोन्ही वाचनं तिथे घ्या. वायर जोडण्याआधी मल्टिमीटर लावून मान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ३.३ व्होल्टच्या वर जात असेल तर दोन रोधक लावून विभागून घ्या, नाहीतर पिन जाईल.

बोर्ड बंद पडतो म्हणजे व्होल्टेज खाली बसतंय. हा छोटासा सर्वो अडला की अर्ध्या अँपिअरहून जास्त खेचतो, आणि तुमचे दोन आहेत. मोटरींना बोर्डाच्या पिनवरून वीज देत असाल तर ते आजच थांबवा. निदान २ अँपिअरचा ५ व्होल्ट पुरवठा मोटरींना थेट द्या, ग्राउंड मात्र दोघांचं एकच ठेवा, आणि मोटरींजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

अजून एक. एसजी-९० चे दाते प्लास्टिकचे असतात. पोरं मान जोरात पिरगाळणारच. त्याच मापात एमजी-९० मिळतो, त्याचे दाते धातूचे. लाकडात काही बदलावं लागणार नाही. शिवाय कोकणातल्या पावसाळ्यात वीज जाणार, तेव्हा राउटरला छोटा यूपीएस बघा. वीज आल्यावर नंदीने झटका मारू नये म्हणून चालू होताच मोटर ढिलीच ठेवायची, आणि पहिला निरोप आला तरी तिथवर हळूहळू जायचं.

---

साउली:

मी वाचाउपचार करते, त्यामुळे एका गोष्टीवर थोडं सविस्तर लिहिते.

वाचाघात झालेल्या बऱ्याच माणसांचा हो आणि नाही यांत गोंधळ होतो. मनात हो असतं, तोंडून किंवा मानेनेही नाही निघतं. त्यांना ते कधी जाणवतं, कधी नाही. म्हणून नातीशी गप्पांना नंदी उत्तमच, पण "औषध घेतलं का", "दुखतंय का" असे प्रश्न फक्त नंदीच्या मानेवर सोडू नका. ते वहिनींनी समोर बसून, उलटसुलट विचारून ताडून बघावेत. आधी ज्याचं उत्तर ठाऊक आहे असे प्रश्न विचारून पाहा: आज सोमवार आहे ना? तुझं नाव अमुक ना? दहातली किती बरोबर येतात ते लिहून ठेवलंत तर तिथल्या उपचारकांनाही उपयोग होईल.

आणि मुलीला एक शिकवा. प्रश्न एकच, लहान, मग थांबायचं. मनात दहा अंक मोजायचे. मोठ्या माणसांनाही हे जड जातं, पण आईंना हात नंदीपर्यंत न्यायला तेवढा वेळ लागतोच. वर पाळीचं लिहिलंय ना, ते यंत्रापेक्षा माणसांनाच जास्त लागू आहे.

पक्षाघातात उजव्या बाजूचं भान कमी झालेलं असू शकतं. नंदी डावीकडे ठेवला आहे ना?

---

कुलूपकिल्ली:

सार्वजनिक चाचणी सर्व्हर ताबडतोब सोडा. तिथला प्रत्येक निरोप कुणालाही वाचता येतो, आणि वाईट म्हणजे कुणालाही पाठवता येतो. आईच्या उशाशी असलेलं खेळणं रात्री अनोळखी माणसाने हलवावं असं कुणालाच वाटणार नाही. अशी खेळणी पूर्वी अडचणीत आली आहेत. २०१७ मध्ये क्लाउडपेट्स नावाच्या बोलक्या खेळण्यांची ८ लाखांहून जास्त खाती उघड्यावर पडली होती, मुलांच्या आणि आईवडिलांच्या आवाजातल्या निरोपांसकट. त्याच वर्षी जर्मनीने कायला नावाच्या बाहुलीवर बंदी घातली. तुमच्या नंदीत माइक आणि कॅमेरा नाही हे फार चांगलं आहे, पुढेही घालू नका.

छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या, त्यावर मॉस्किटो ब्रोकर (एमक्यूटीटीचे निरोप पोचवणारा प्रोग्राम) चढवा, पोर्ट ८८८३, टीएलएस (निरोप कुलूपबंद करणारी सोय) चालू, दोन्ही नंदींना वेगळा पासवर्ड. घरीच सर्व्हर ठेवू म्हणाल तर भारतात अनेक जोडण्यांवर बाहेरून आत येता येत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आणि सर्व्हर स्वतःचाच असावा याला आणखी एक कारण. २००५ मध्ये फ्रान्समध्ये नाबाझताग नावाचा वाय-फायवाला ससा निघाला होता. दोन सशांची जोडी लावली की एकाचे कान हाताने फिरवले तसे दुसऱ्याच्या घरी फिरायचे. अगदी तुमचीच कल्पना. २०११ मध्ये कंपनीचा सर्व्हर बंद झाला आणि घरोघरचे ससे गप्प झाले. पुढे हौशी लोकांनी स्वतःचे सर्व्हर उभारून त्यांतले काही परत चालू केले.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण दादाला सावंतवाडीचा नंदी उघडून पिना बदलायला वेळ हवा होता. त्याला व्हिडिओवर एकेक वायर दाखवत केलं.

आडवं वाचन २६ वर होतं. ३४ वर घेतलं आणि लगेच आलं. मोटरींना वेगळा पुरवठा दिल्यापासून बोर्ड एकदाही बंद पडलेला नाही. पाळीची रचना लिहिली. ४०० मिलिसेकंद माझ्या जोडणीला कमी पडत होते, मध्येच पाळी सुटायची. ७०० वर ठेवलंय. तेव्हापासून थरथर एकदाही नाही.

मोटरीही बदलून धातूच्या दात्यांच्या लावल्या, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. धातूच्या दात्यांची मोटर ढिली असतानाही वळवायला जरा जड लागते. आईला कपाळ दाबून मान हलेना. मग तिने स्वतःच शिंग धरलं. शिंग सांध्यापासून लांब, म्हणून कमी जोरात हलतं. कारागिराला सांगून दोन्ही नंदींची शिंगं लांब करून घेतेय. नंदी उजवीकडे होता, तोही डावीकडे आणला. साउलीताई, दहातली सात उत्तरं बरोबर आली. वहिनी वहीत लिहिते.

रात्रीचं असं केलंय: सावंतवाडीची वेळ रात्री नऊ ते सकाळी सात असेल तर नंदी हलत नाही, आलेली हालचाल वेळेसकट साठवतो. सकाळी आईने पहिल्यांदा शिंग हलवलं की रात्रीची हालचाल तशीच करून दाखवतो. लेकीने जिथे थांबून थांबून मान डोलावली तिथे तोही थांबतो. काल सकाळी आईने ते संपेपर्यंत बघितलं आणि मग शिंग धरून पाच-सहा वेळा मान डोलावली. इथे लेक झोपायच्या तयारीत होती, ब्रश तोंडात घेऊनच धावली.

आता राहिलेला प्रश्न. एका रात्री लेकीने नंदी जवळजवळ वीस मिनिटं हलवला. सकाळी ते सगळं वीस मिनिटं चाललं, आई दमली. हालचाल आखडती घ्यायची तर नेमकं काय गाळायचं? मधले थांबे गाळले की ते लेकीचं वाटतच नाही, मी करून बघितलं. कुणाला काही सुचतंय का?

---

खटपट्या:

थांबे गाळू नका. शेवटची दोन मिनिटं जशीच्या तशी ठेवा, आधीचं साठवणीत राहू द्या. आईंनी पुन्हा शिंग हलवलं तर त्याआधीची दोन मिनिटं दाखवा. त्यांना हवं तेवढं त्या मागून घेतील. कोड इथे टाका, मी बघतो.