मदत हवी आहे : पॉट्स घराण्याची वंशावळ

नमस्कार. नातीसाठी दोन्ही बाजूंची वंशावळ करते आहे. आमच्या पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत मिळाल्या. जावयाच्या आजीचे माहेर मात्र पेनसिल्व्हेनियातले, आडनाव पॉट्स, आणि तिथे मी अडकले आहे.

घरात सांगतात की हे लोखंडाच्या भट्ट्या चालवणारे क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) पॉट्स. थॉमस रटरने १७१६ मध्ये मॅनाटॉनी ओढ्याकाठी प्रांतातला पहिला लोखंडाचा कारखाना काढला. त्याची नात रूथ सॅव्हेज जॉन पॉट्सला दिली. पॉट्सटाउन त्याच जॉनने वसवले. त्यांना तेरा मुले! शिवाय प्रत्येक पिढीत थॉमस, जॉन, सॅम्युएल. कोण कोणाचा, हेच सुटत नाही.

क्वेकर महिन्यांना नावे न देता आकडे देत. १७५२ पूर्वी पहिला महिना मार्च, म्हणजे 'तिसरा महिना' मे धरायचा, एवढे कळले. पण बारावा महिना, म्हणजे फेब्रुवारी, आला की वंशावळीत साल कोणते लिहायचे, जुने की पुढचे?

स्वार्थमोर किंवा हॅवरफर्ड कॉलेजातली क्वेकर दप्तरे कोणी पाहिली आहेत का? लग्नपत्रावर हजर असलेले सगळे सही करत, म्हणून ती पत्रे मला फार हवी आहेत. भारतातून मागवता येतात का? आणि समाजाबाहेर लग्न केल्यामुळे ज्यांना काढून टाकले, त्यांच्या मुलांचा माग कुठे लागतो?