तोट्यातल्या कंपनीचा संगणक घरी घ्यावा का?

रावेरकर :
मुलीला फैजपूरला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला असून, केळीचे पैसे हातात आहेत तोवर तिच्यासाठी संगणक घ्यायचा आहे. दुकानदार एका कंपनीचा तयार संच चांगल्या सवलतीत देतो आहे. पण ती कंपनी तोट्यात असल्याच्या बातम्या येत आहेत. तो तीन वर्षांच्या वॉरंटीकडे बोट दाखवतो. माझे मत असे, की कंपनीच बुडाली तर वॉरंटी मागायची कोणाकडे? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून बंद व्हायला लागली, की कामगारांची आणि तारण घेतलेल्या बँकांची देणी आधी भागवली जातात. ग्राहकाचा नंबर फार मागे लागतो. माझ्या मागच्या लॅपटॉपची कंपनी वर्षभरात भारतातून निघून गेली, आणि चार्जरची पिन दुसरी कुठलीच बसत नसल्यामुळे ते धडधाकट यंत्र आजही कपाटात पडून आहे.

भुसावळकर :
भाऊ, लॅपटॉपचा अनुभव डेस्कटॉपला लावू नका. आयबीएमचा संगणकांचा धंदा २००५ मध्ये लेनोव्होकडे गेला, तरी तिचा थिंकपॅड लॅपटॉप आजही मिळतो. ॲपल १९९७ मध्ये गाळात रुतली होती, तेव्हा मायक्रोसॉफ्टने तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतवले. कमोडोर ही संगणक कंपनी १९९४ मध्ये बुडाली तेव्हा तिचा अमिगा संगणक घेतलेल्यांची पंचाईत झाली, कारण आतल्या मुख्य चिपा तिच्या स्वतःच्याच होत्या. आज प्रोसेसर एकाचा, रॅम दुसऱ्याची, माहिती साठवणारी एसएसडी तिसऱ्याची. शिवाय १९९५ पासून एटीएक्स या प्रमाणाने भागांचे माप ठरलेले असल्यामुळे एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, कोणाचाही बसतो. सवलत सोडू नका.

धुळेकर :
‘कोणाचाही बसतो’ हे सुटे भाग जोडून असेम्बल केलेल्या संगणकाबाबत खरे आहे, ब्रँडेड संचाबाबत नेहमीच नाही. गेल्या मे महिन्यात, उन्हाचा कहर आणि वीज सारखी कमीजास्त होत असताना, पुतण्याच्या संचाचा एसएमपीएस जळाला. बाजूचा पत्रा काढून पाहिले, तर मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर, नेहमीच्या २४ पिनांच्या कनेक्टरऐवजी ६ पिनांचा वेगळाच कनेक्टर निघाला. नवा एसएमपीएस गल्लीतल्या दुकानात मिळत होता, पण आमच्या कामाचा नव्हता. कंपनीकडून सुटा भाग यायला अठरा दिवस लागले, आणि ती कंपनी तर चांगली नफ्यात आहे! तोट्यातली असती तर? आणखी एक : तयार संचातल्या एसएसडीची वॉरंटी ती बनवणारी कंपनी सहसा थेट देत नाही, संच विकणाऱ्या कंपनीकडेच पाठवते. म्हणून असेम्बल करून घ्या आणि प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या.

भुसावळकर :
६ पिनांचे मान्य. पण असेम्बल केलेल्या संगणकात काही बिघडले, तर नेमका कोणता भाग गेला हे शोधून तो त्या-त्या कंपनीच्या सेवा केंद्रात पोहोचवण्याचे काम दुकानदारावर किंवा तुमच्यावर येते, आणि रावेरहून तशा खेपा घालणे परीक्षेच्या दिवसांत परवडणारे नाही. दुकानदार अर्धवट असला तर हालच.

रावेरकर :
उद्या दुकानात जातो. ॲडव्हान्स देण्याआधी त्याला पत्रा उघडायला लावून पिना मोजणार आहे. २४ भरल्या तर सवलतीचा विचार करीन, नाहीतर त्याच्याकडूनच सुट्या भागांचे दर लिहून आणीन आणि इथे टाकीन.