भंडारदऱ्याचे काजवे: शनिवार टाळा

कुणीतरी विचारलंय, भंडारदऱ्याला शनिवारी काजवे बघून रविवारी परत, एवढ्यात शांतता मिळेल का? नाही मिळणार. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शनिवारी रात्री धरणाजवळच्या शेंडी गावापासून रतनवाडीपर्यंतच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि तीच काजव्यांच्या मुळावर येते. त्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण. हेडलाइटच्या झोतात ती दिसतच नाही, मग मीलन फसतं.

मंगळवार-बुधवार धरा, तोही अमावस्येच्या आसपासचा. चांदण्यात निम्मी मजा जाते. मुंबईहून कसारा घाट, घोटी, बारीमार्गे शेंडी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर. मुक्काम गावातल्या घरीच करा, जेवण दुपारीच सांगून ठेवा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे रात्री कितीपर्यंत आत थांबता येईल ते वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा.

अंधार पूर्ण पडला की, साधारण पावणेआठनंतर, गाडी बंद करून पायी चला. बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावा, झोत पायाशीच ठेवा. मोबाइल खिशात. डोळे सरावायला १५-२० मिनिटं लागतात. स्क्रीन एकदा बघितली की पुन्हा पहिल्यापासून. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा ही झाडं शोधा. पायवाट सोडून गवतात शिरू नका, माद्या बहुधा तिथेच खाली असतात (आणि सापही). अंगाला फवारायचं डासांचं औषध नको, पूर्ण बाह्यांचे कपडे पुरेत.

एकदा धो-धो पाऊस लागला की खेळ आटोपला. मग सकाळी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर तेवढं निवांत बघा.