माध्यम-तंत्रज्ञान शिकलेला दिग्दर्शक कोकणच्या रंगभूमीला हवा की नको?

धागाकर्ता, कुडाळ

आमच्या भागातील एक तरुण दिग्दर्शक माध्यम-तंत्रज्ञानाचे शिक्षण घेऊन, काही वर्षे चित्रीकरण आणि ध्वनिमुद्रणाचे काम करून प्रायोगिक नाटकाकडे वळला आहे. रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने जाळे ओढून मासे पकडणाऱ्यांच्या, जीवनावरील त्याच्या नाटकात रंगमंचावरच कॅमेरा असतो. प्रेक्षकांकडे पाठ करून फाटलेले जाळे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा त्याच क्षणी मागच्या पांढऱ्या कापडावर मोठा होऊन दिसतो. प्रयोगानंतर ‘हे नाटक नव्हे, सिनेमा आहे’ असे अनेकांनी म्हटले, म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्या मते असा माणूस आपल्या रंगभूमीला हवाच. कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत चित्रकथी सादर करताना एकामागून एक चित्र पुढे धरून कथा गातात, आणि त्यांच्याच चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ दिवा, पडदा व सावली यांवर उभा असतो. बर्लिनमध्ये दिग्दर्शक एर्विन पिस्काटरने 1920च्या दशकात नाटकात चित्रपटाची दृश्ये आणली. 1958च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात चेक रंगकर्मी आल्फ्रेद रादोक आणि योसेफ स्वोबोदा यांच्या ‘लातेर्ना मागिका’ने जिवंत नट आणि पडद्यावरची चित्रे एकाच प्रयोगात गुंफली. त्यामुळे पडदा आला म्हणून नाटक संपले, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद, मालवण

पिंगुळीचा दाखला येथे लागू होत नाही. चित्रकथीतील चित्र कथा सांगणाऱ्याच्या हातात असते. तो रेंगाळला की चित्रही रेंगाळते. आपण वर्णन केलेल्या प्रयोगात नटाचा चेहरा कोणत्या कोनातून आणि किती वेळ दिसावा, हे कॅमेरा धरणारा ठरवतो. हा अधिकार नटाच्या हातून जाणे मला मान्य नाही.

आपल्या दशावतारात कथानक ठरलेले असते, पण संवाद नट जागच्या जागी रचतो. पखवाज, झांज आणि पेटी त्याच्या मागून चालतात, आणि एकच बाकडे कधी सिंहासन होते तर कधी रथ. ते प्रेक्षकाच्या मनात घडते. ‘ट्रिकसीनयुक्त’, म्हणजे करामतींच्या दृश्यांनी भरलेले, अशी जाहिरात करून होणाऱ्या प्रयोगांत मात्र राक्षसाच्या तोंडून ज्वाळा केव्हा निघतील याकडेच लोकांचे डोळे लागतात आणि संवाद रंगवणारा जाणता नट मागे पडतो. पाठमोरा बसून, केवळ खांद्यांच्या आणि हातांच्या हालचालींतून म्हातारपण उभे करणे ही अवघड विद्या आहे. कॅमेऱ्याने नटाला तिच्यापासून सुटका दिली, हे मला नुकसान वाटते.

धागाकर्ता, कुडाळ

ट्रिकसीनचा आक्षेप मला मान्य आहे, परंतु तो या दिग्दर्शकाला लावणे अन्यायाचे आहे. कॅमेऱ्यातील चित्र प्रोजेक्टरपर्यंत पोहोचेपर्यंत सेकंदाचा लहानसा अंश जातो. नटाचा आवाज थेट कानावर येतो आणि कापडावरचे ओठ किंचित मागे राहतात. हे ठाऊक असल्यामुळेच त्याने कॅमेरा चालू असताना म्हाताऱ्याला एकही वाक्य दिलेले नाही. नाटकातील सर्वांत प्रभावी शांतता यंत्राची मर्यादा ओळखल्यामुळे मिळाली. ज्याला यंत्र आतून कळते, तोच त्याला कुठे थांबवायचे हे ठरवू शकतो, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद, रत्नागिरी

मी राज्य नाट्य स्पर्धेसाठी हौशी संस्थांची प्रकाशयोजना करते. नटावर पुरेसा प्रकाश टाकला की कापडावरचे चित्र फिके पडते, आणि चित्र ठसठशीत हवे असेल तर नटाला अंधारात ढकलावे लागते. दोन्ही साधायचे तर अधिक उजेडाचा, म्हणजेच महाग प्रोजेक्टर लागतो. खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात आणि गावच्या मंडपात विजेचा दाब स्थिर नसतो, हे वेगळेच. माझा खरा आक्षेप मात्र पुढचा आहे. रापणकरांवरचे नाटक शहरातील बंदिस्त नाट्यगृहातच होऊ शकत असेल, तर देवबाग किंवा आचऱ्याच्या किनाऱ्यावर दोर ओढणाऱ्यांनी ते केव्हा पाहायचे?

प्रतिसाद, मालवण

हाच प्रश्न दिग्दर्शकापुढे ठेवावा. त्याने किनाऱ्यालगतच्या एखाद्या देवळासमोर, त्याच नटांना घेऊन, कॅमेऱ्याशिवाय एक प्रयोग करावा. म्हाताऱ्याचा प्रसंग तेथेही तितकाच भिडला, तर कॅमेरा कशासाठी हवा होता, याचे उत्तर त्याने द्यावे.

धागाकर्ता, कुडाळ

असा प्रयोग अवश्य व्हावा, मात्र त्याला एक जोड हवी. ज्यांनी नाट्यगृहातील प्रयोग पाहिला, त्यांतील काही रापणकरांना दोन्ही प्रयोगांबद्दल बोलते करावे. आपल्या श्रमाचा चेहरा इतक्या मोठ्या आकारात पाहण्याची संधी त्यांना एरवी कोणी दिली आहे? त्यांना तो चेहरा कापडावर हवा असेल, तर आपण तो काढून घेण्याचा आग्रह धरू नये.